ठेवणीतले आणि रोजचे

आपल्या घरांतून एक रीत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. चांगली वस्तू घरात आली की ती आधी ठेवून द्यायची. नवी साडी ट्रंकेत, चिनी मातीच्या बशा कपाटाच्या वरच्या फळीवर, आणि नवे बूट कागदाचे बोळे घालून खोक्यात. का, म्हणून विचारले तर उत्तर ठरलेले, "लागेल कधीतरी." आमच्या आईच्या तोंडी हेच शब्द असत. आता ते आमच्याही तोंडी येतात, हे कबूल केले पाहिजे.

या "कधीतरी"चा विचार आम्हांला प्रथम करायला लावला तो पूर्व लंडनमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी. मुंबईला मराठी शाळेतून शिक्षण पुरे करून १९८० साली आम्ही नर्सिंग शिकण्यासाठी विलायतेत आलो. आमच्या वॉर्डात ऐंशीच्या घरातल्या एक यहुदी बाई होत्या. हृदय थकलेले, दोन्ही पायांवर सूज. जन्मभर व्हाइटचॅपलच्या कारखान्यांतून त्यांनी कोट शिवले होते. आमच्या एप्रनची शिवण नुसती बोटांनी चाचपून त्या ती चांगली की वाईट ते सांगत. एका शुक्रवारी दुपारी त्यांनी मुलीकडून घरचे बूट मागवून घेतले. तपकिरी चामड्याचे, बारीक पट्ट्याचे, पातळ कागदात गुंडाळलेले. तळ अगदी कोरा. शब्बाथ लागण्यापूर्वी ते पायात हवे होते. आम्ही खाली बसून घालून पाहिले, पण सुजलेले पाऊल आत जाईना. बाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पोरी, फार जपले गं मी."

पुढल्याच आठवड्यात त्या गेल्या. पेशंट गेला की त्याच्या सामानाची यादी दोन नर्सनी मिळून करायची असते. "तपकिरी बूट, एक जोड" ही ओळ त्या यादीत आमच्याच हाताने लिहिली गेली.

त्यानंतर सवड मिळेल तसा या देशातल्या कपड्यालत्त्याचा इतिहास आम्ही वाचत गेलो. त्यातून ध्यानात आले ते असे, की साध्या माणसाच्या अंगावर रोज चांगले कापड यावे याकरिता ज्यांनी हात झिजवले, त्यांतले पुष्कळसे लोक या बाईंसारखेच होते. परदेशातून आलेले, आणि स्वतःसाठी "कधीतरी" म्हणणारे.

१८८१नंतर रशियाच्या साम्राज्यात यहुद्यांवर हल्ले होऊ लागले. तेव्हापासून १९१४पर्यंत लाखाहून अधिक यहुदी ब्रिटनमध्ये येऊन राहिले. हातात सुई आणि भाड्याचे शिवणयंत्र एवढ्यावर कितीतरी कुटुंबांचा संसार चाले. लीड्स शहरात तयार कपड्यांचा धंदा त्यापूर्वीच उभा राहिला होता. जॉन बॅरन या कारखानदाराने १८५८च्या सुमारास लाकूड कापायच्या पट्टीकरवतीवरून कापडाचे अनेक थर एकदम कापणारे यंत्र वापरात आणले, आणि शिवणकाम हर्मन फ्रेंड नावाच्या यहुदी शिंप्याच्या कारखान्याकडे सोपवले. एकेकाने एकेक भाग शिवायचा, असा तो क्रम होता. त्यामुळे कोट स्वस्त झाला, पण शिवणाऱ्याचे हाल संपले नाहीत. १८८९ साली पूर्व लंडनच्या शिंप्यांनी संप केला. त्यांची मागणी काय होती? दिवसाचे काम बारा तासांवर यावे! आज आपल्याला बारा तास म्हणजे जुलूम वाटेल. त्यांना ती सुटका वाटत होती. कायद्याने शिवणकामाला किमान मजुरी ठरवण्याची सोय पुढे १९०९ साली झाली.

याच लोकांतून मायकल मार्क्स पुढे आले. हे स्लोनीम गावाकडचे. १८८४ साली लीड्सच्या कर्कगेट बाजारात त्यांनी एक फळी मांडली आणि पाटी लावली, की किंमत विचारू नका, सर्व माल एक पेनीला. इंग्रजी नीट येत नव्हते, म्हणून भाव करण्याचा प्रश्नच काढून टाकला, असे सांगतात. १८९४ साली टॉमस स्पेन्सर भागीदार झाले आणि मार्क्स अँड स्पेन्सर हे नाव जन्मले. मायकलचे पुत्र सायमन यांनी १९२८ साली वडिलांच्या नावावरून 'सेंट मायकल' ही छाप नोंदवली. यहुदी पित्याच्या नावामागे ख्रिस्ती संताची पदवी लागली, याची गंमत वाटते. विलायतेहून मुंबईला जाताना या छापाचे स्वेटर आपण किती नेले असतील त्याची गणतीच नाही.

दुसरे माँटेग्यू बर्टन. मूळ नाव मेशे ओसिन्स्की, लिथुएनियातले. १९०० साली एकटा पोरगा इंग्लंडात आला आणि थोड्याच वर्षांत चेस्टरफील्डला त्याने दुकान घातले. साध्या कारकुनाला आणि खाणकामगारालाही मापाने शिवलेला सूट परवडावा, हा त्याचा ध्यास. लीड्सच्या हडसन रोडवरील त्याच्या कारखान्यात भरभराटीच्या काळी सुमारे १०,००० माणसे राबत. दुसरे महायुद्ध संपल्यावर फौजेतून सुटलेल्या जवानांना सरकारने जे सूट दिले, त्यांतलेही पुष्कळसे इथलेच. बर्टनची दुकाने २०२१ साली बंद झाली, पण ज्याच्या त्याच्या अंगावर नीट बेतलेला कोट असावा ही कल्पना त्याने या देशात रुजवली.

आता वॉर्डातल्या बाईंनी सांगितलेली एक हकीकत. १ जून १९४१ रोजी सरकारने कपड्यांवर रेशन लावले. बातमी फुटू नये म्हणून नवी कार्डे छापलीच नव्हती. अन्नाच्या कार्डातली मार्गारिनची शिल्लक कुपने कपड्यांना चालतील असे जाहीर झाले. प्रौढ माणसाला वर्षाची ६६ कुपने. लोकरी पोशाखाला त्यांतली ११ जात, बायकांच्या बुटांना ५. पुढे ही ६६ देखील कमी झाली. पायमोजे मिळेनात, तेव्हा कित्येक मुलींनी पिंडऱ्यांना तपकिरी रंग फासला.

याच टंचाईत एक नवलाची गोष्ट घडली. १९४२ साली सरकारने लंडनच्या नामांकित फॅशनकारांना बोलावून सांगितले, की थोडक्या कापडात, मोजक्या गुंड्यांत आणि मोजक्या चुण्यांत सामान्य स्त्रीसाठी पोशाख बेतून द्या. नॉर्मन हार्टनेल, हार्डी एमीस, डिग्बी मॉर्टन, व्हिक्टर स्टीबेल अशी मंडळी त्यांत होती. राणीचे कपडे बेतणाऱ्या हातांनी आता कारखान्यात जाणाऱ्या पोरीचा कोट बेतला. कपड्यावर त्यांचे नाव नसे. फक्त 'सीसी ४१' ही सरकारी छाप असे, आणि लोक तिला गमतीने पनीरचे तुकडे म्हणत. बुटांच्या टाचांनाही दोन इंचांची मर्यादा होती. ते पोशाख व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपले आहेत. आमच्या बाई म्हणत, "माझ्या आयुष्यातला सर्वांत झोकदार कोट त्या छापाचा. कारण तो मला रोज घालावाच लागला, दुसरा होता कुठे?" कपड्यांचे रेशन १९४९च्या मार्चमध्ये उठले. ते बूट त्यांनी त्यानंतर घेतले आणि मग मात्र ठेवून दिले. टंचाईत वापरले आणि सुबत्तेत जपले, असा हा उलटा न्याय!

बुटांचा विषय निघाला आहे तर बाटाचे सांगितलेच पाहिजे. मुंबईत शाळा सुरू होण्याआधी जूनमध्ये बाटाच्या दुकानात नेऊन काळे बूट घ्यायचे, तेही एक माप मोठे, ही आपल्या सर्वांची आठवण. आम्ही तर ही देशी कंपनीच समजत होतो! ती मूळची चेक, १८९४ साली झ्लिन गावी निघालेली. १९३०नंतरच्या काही वर्षांत तिने इकडे कलकत्त्याजवळ बाटानगर वसवले आणि तिकडे एसेक्समधल्या ईस्ट टिल्बरी येथे कारखाना, कामगारांची घरे आणि चित्रपटगृह बांधले. म्हणजे आमचे शाळेचे बूट आणि या देशातल्या पोरांचे बूट मावसभाऊच म्हणायचे. ईस्ट टिल्बरीचा कारखाना या शतकाच्या आरंभी बंद पडला.

झ्लिनच्या बाटा इस्पितळात ऑयगेन स्ट्रॉयस्लर नावाचे यहुदी डॉक्टर होते. १९३९ साली नाझी आले, तेव्हा कंपनीने आपल्या अनेक यहुदी नोकरांची बदली परदेशी केली आणि त्यांचे प्राण वाचले. हे डॉक्टर सिंगापूरला गेले. जपानी फौजा चालून आल्या तेव्हा त्यांनी बायको आणि दोन मुलगे पुढे हिंदुस्थानात पाठवले, पण स्वतः ते वाचले नाहीत. त्या विधवा बाईंनी दार्जिलिंगला बाटाचे दुकान सांभाळून मुले वाढवली. पुढे त्यांनी एका इंग्रज अधिकाऱ्याशी लग्न केले आणि १९४६ साली मुले इंग्लंडात आली. त्यांतला धाकटा म्हणजे नाटककार टॉम स्टॉपर्ड. बुटांच्या एका दुकानाने एक यहुदी घर आपल्याच देशात तगवले, हे वाचून आम्हांला त्या काळ्या बुटांचा मान वाटू लागला.

आता गोडधोडाचे. कपड्यांचे रेशन गेल्यावरही या देशात चॉकलेट-पेपरमिंट १९५३च्या फेब्रुवारीपर्यंत, आणि साखर त्याच वर्षीच्या सप्टेंबरपर्यंत कुपनावर होती. आपल्यालाही हे नवे नाही. मुंबईच्या रेशनच्या रांगेत उभे राहून आणलेल्या साखरेतून नव्याच्या सणासाठी मूठ मूठ बाजूला काढणाऱ्या आया आपण पाहिल्या आहेत. त्या साखरेचा व्हायचा चिकाचा हलवा. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे, मग वाटून, गाळून चीक काढायचा. त्यात नारळाचे दूध आणि साखर घालून हात भरून येईपर्यंत ढवळायचे, वेलची टाकायची, ताटात ओतून वर बदाम-पिस्ते पेरायचे आणि वड्या पाडायच्या. दूध नारळाचे असल्यामुळे मांसाच्या जेवणानंतरही तो चालतो. कोकणातल्या माडाने आपला धर्म असा सोपा केला.

आमच्या पहिल्या नव्याच्या सणाला नर्सेस होममध्ये ना गहू होते, ना पाटा. युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर जाऊन गोठवलेल्या नारळाची वडी आणली, चिकाऐवजी कॉर्नफ्लॉवर घेतले आणि सर्वांच्या सामाईक स्वयंपाकघरात हलवा ढवळला. तो नीट जमला नाही, चमच्याने खावा लागला. आयर्लंडची एक आणि जमैकाची एक अशा मैत्रिणींनी भांडे चाटून पुसले. तेव्हा समजले की हा पदार्थ सणापुरताच राखण्यात काही अर्थ नाही. घर आठवले की तोच दिवस हलव्याचा.

ज्यांनी हे सर्व शिवले, बांधले, रांधले, त्यांना त्याचा उपभोग कधी मिळाला? याचे उत्तर आपल्या पूर्वजांपाशी आहे. कोकणात त्यांना शेजारीपाजारी शनवार तेली म्हणत. तेलाचा घाणा सहा दिवस फिरे आणि शनिवारी उभा राही. ते लोक श्रीमंत नव्हते. तरी शुक्रवारी सूर्य मावळण्याच्या आत न्हाऊन धुतलेले वस्त्र अंगावर येई, दिवा लागे, आणि द्राक्षारस नसला तर काळ्या मनुकांच्या सरबतावर किद्दुश होई. व्हाइटचॅपलचा शिंपीही शुक्रवारी संध्याकाळी सुई खाली ठेवून चांगला कोट अंगावर घालीत असे. एवढेच कशाला, दारफाळणीच्या सणाला, म्हणजे किप्पूरला, चामड्याचे पायताण घालू नये असा नियम आहे. उपवासाच्या दिवशी मुद्दाम काढून ठेवायचे म्हणजे एरवी चांगले बूट हे सुख आहे, हे नियम करणाऱ्यांनीही मानलेच होते.

आम्ही याचा अर्थ असा लावतो की आपल्या धर्माने "कधीतरी"ला वार ठरवून दिला. चांगले ते आठवड्यातून एकदा बाहेर काढायचेच, पैसा असो वा नसो. पाहुणे येण्याची किंवा लग्नकार्याची वाट पाहायची नाही.

आमची आई गेल्यावर तिची पांढरी, जरीकाठी साडी ट्रंकेतून आमच्याकडे आली. उलगडून पाहतो तो घडीघडीवर विरलेली. नेसण्याजोगी राहिली नव्हती. आम्ही धड राहिलेला काठ आणि हातभर कापड कापून घेतले आणि युद्धकाळातल्या बायकांसारखे डोके चालवून शब्बाथच्या पावावर घालायचे आच्छादन शिवले. शिवण फार सुबक नाही. वॉर्डातल्या बाईंनी बोट फिरवले असते तर नाक मुरडले असते. पण आईने कपाटात ठेवलेली ती साडी आता दर शुक्रवारी टेबलावर येते. नव्या बुटांची जोडीही आम्ही खोक्यातून काढली आहे. बाहेर जायचे नसले तरी त्या संध्याकाळी आपल्याच घरात घालतो. पावले अजून आत जातात, तोवर घालून घ्यावे.