कठड्यापासून पाण्यापर्यंत : वर्धा जिल्ह्यातली विहीर मोजण्याचा इतिहास

पीएचडीच्या मुलाखतीत तुमचा प्रस्ताव चाळता चाळता समितीतलं कुणीतरी हमखास विचारतं, "डेटा कुठून आणणार?" भूजलावर काम करायचं ठरवलेले बहुतेक विद्यार्थी एका दमात सांगतात, "शासनाकडे आहे, सर." मीही तेच सांगितलं होतं. उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्या वेळी मला एवढंच ठाऊक होतं की तक्ते मिळतात. त्या तक्त्यातला एकेक आकडा कुणी विहिरीवर वाकून, कोणत्या महिन्यात आणि कुठून मोजलेला असतो, हा प्रश्न मला पडलाच नव्हता.

माझा विषय आहे वर्धा जिल्ह्यातल्या तलावांच्या आसपासच्या विहिरींची पाणीपातळी आणि तिच्या नोंदींचा इतिहास. सेलू तालुक्यातल्या एका पाझर तलावाभोवतीच्या विहिरी मी मोजते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. विहीर ही शेतकऱ्याची मालमत्ता असते आणि तिच्यात किती पाणी आहे हे त्याच्या सावकारालाही कळतं, शेजाऱ्यालाही. तुम्ही प्रबंध लिहाल तेव्हा याचा विचार आधीच करून ठेवा.

पहिल्याच फेरीत मी सकाळी साडेसहाला टेप सोडली. पाणी आदल्या आठवड्यापेक्षा बरंच खाली होतं. वहीत आकडा लिहिला आणि मनातल्या मनात आलेखही काढून टाकला. बांधावर बसलेली आजी बघत होती. म्हणाली, "काय मोजून रायली वं पोरी? रातभर मोटर चालू होती न, मंग पाणी कुठून दिसन?" त्या आठवड्यात शेतीची वीज रात्रीची होती. मी भूजलाची पातळी मोजली नव्हती, उपशानंतर विहिरीत उरलेलं पाणी मोजलं होतं. मोटर बंद करून विहिरीला भरून यायला पुरेसा वेळ द्यायचा आणि मग जी मिळते ती स्थिर पातळी, हे मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. त्या दिवसापासून माझ्या वहीत एक रकाना वाढला : मोटर शेवटची कधी चालली?

आता मागे जाऊ. विहिरीची खोली मोजणं ही काही आधुनिक गोष्ट नाही. आपल्याकडचं जुनं माप म्हणजे परस. हात वर करून उभ्या असलेल्या माणसाएवढी उंची म्हणजे एक परस. शब्द आला 'पुरुष' वरून. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे. कुठलं झाड, कुठलं वारूळ दिसलं की किती पुरुष खाली पाणी लागेल, याचे ठोकताळे त्यात दिलेत आणि तिथे पुरुष म्हणजे १२० अंगुळं. ते ठोकताळे आज किती लागू पडतात हा वेगळा विषय. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की हे माप पाणी *शोधण्यासाठी* होतं. पाणी दर महिन्याला कुठे सरकतं हे लिहून ठेवण्याची गरज कुणाला वाटत नव्हती, कारण ते दोरालाच कळायचं. उन्हाळ्यात दोराला आणखी एक दोर बांधावा लागला म्हणजे पातळी गेली. जुन्या विहिरीच्या काठाच्या दगडावर दोराने पाडलेल्या खाचा दिसल्या तर फोटो काढून ठेवा.

एकाच विहिरीची पातळी वर्षानुवर्षं लिहीत राहणं ही सवय बरीच नवी आहे. इंग्लंडमध्ये ससेक्समधल्या चिलग्रोव्ह इथल्या विहिरीची नोंद १८३६ पासून सलग आहे. जगातल्या सर्वांत जुन्या सलग नोंदींत ती धरली जाते. आपल्या देशात पद्धतशीर मोजणी वाढली ती मात्र पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, जास्त झालं म्हणून! पंजाबात कालवे आले, पाझरामुळे भूजल वर चढलं, जमिनी पाणथळ आणि खारट व्हायला लागल्या, तेव्हा सिंचन खात्याचे अभियंते विहिरींच्या पातळ्या लिहू लागले. महाराष्ट्रात नीरा कालव्याच्या पट्ट्यातही पुढे हीच कथा घडली. साठवलेलं किंवा वाहतं पाणी जवळ आलं की विहिरी बदलतात, हे तेव्हापासून कागदावर आहे. तलाव आणि विहिरी यांचं नातं तपासणारे आपण सगळे त्या अभियंत्यांचे उशिरा आलेले विद्यार्थी.

वर्ध्यात मात्र तसा कालवा नव्हता. जिल्हा १८६२ मध्ये नागपूरपासून वेगळा झाला, पालकवाडीच्या जागी वर्धा शहर १८६६ मध्ये वसलं. काळी जमीन, बेसॉल्टचा खडक, कापूस आणि ज्वारी. सगळं पावसावर. भंडारा-गोंदियाकडे भातासाठी शेकडो मालगुजारी तलाव बांधले गेले, इथे ती गरजच पडली नाही. विहिरी होत्या त्या पिण्यासाठी आणि थोड्या बागायतीसाठी. म्हणून महसुलाच्या जुन्या कागदांत तुम्हाला विहिरींची *संख्या* सापडेल, पातळी शोधत बसू नका. बंदोबस्ताच्या अधिकाऱ्याला सारा ठरवायचा होता. विहीर आहे की नाही, एवढ्यावर त्याचं काम भागत होतं.

त्या संख्येतही एक गोष्ट लपते. विहीर आहे, पण कुणासाठी? १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी सत्याग्रह केला तो तळ्याच्या पाण्यासाठी. पुढच्याच वर्षी, १९२८ च्या जुलैत, वर्ध्यात जमनालाल बजाजांनी लक्ष्मीनारायण मंदिर दलितांना खुलं केलं. विहिरी खुल्या करण्याचा प्रश्न त्याच काळात या गावांत धुमसत होता. त्यामुळे "गावात अमुक विहिरी होत्या" हे वाक्य इतिहासात लिहिताना थांबा. काही घरांसाठी त्या गावात शून्य विहिरी होत्या. आणि हा फक्त सामाजिक इतिहास नाही. आजही निरीक्षणासाठी कुठली विहीर निवडली गेली, ती गावठाणात आहे की वस्तीत, याचा परिणाम आकड्यावर होतो. वापरातून बाद झालेली विहीर आणि रोज उपसली जाणारी विहीर एकाच पावसाळ्यात वेगवेगळी वागतात.

मग आला १९७२ चा दुष्काळ. या दुष्काळाने महाराष्ट्राला रोजगार हमी दिली, पाझर तलाव दिले आणि विहीर मोजणारी स्वतंत्र यंत्रणाही त्याच काळात उभी राहिली : भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, आपण जिला जीएसडीए म्हणतो. केंद्रीय भूजल मंडळ त्याच्या थोडं आधी, १९७० मध्ये आलेलं. पाझर तलावाची कल्पनाच विहिरींसाठी होती. त्यातलं पाणी पाटाने द्यायचं नाही, ते खाली मुरू द्यायचं आणि खालच्या अंगाच्या विहिरींतून काढायचं. म्हणजे तलाव चालला की नाही हे तलावाकडे बघून कळतच नाही. विहिरी मोजाव्याच लागतात.

इथे संशोधनात नव्याने येणाऱ्यांची एक नेहमीची चूक होते, म्हणून जरा थांबते. जीएसडीए निरीक्षण विहिरी वर्षातून चारदा मोजते : जानेवारी, मार्च, मे आणि पावसाळा संपताना, सप्टेंबरअखेर-ऑक्टोबर. केंद्रीय मंडळाची पावसाळ्यानंतरची फेरी नोव्हेंबरात असते. दोन्ही तक्ते मिळाले की विद्यार्थी आनंदाने एकत्र चिकटवतात आणि 'पावसाळ्यानंतर' असा एकच रकाना करतात. बेसॉल्टमध्ये हे महागात पडतं. आपला खडक पाणी धरतो ते वरच्या कुजक्या थरात, मुरमात आणि भेगांत. ऑक्टोबरात काठोकाठ दिसणारी विहीर नोव्हेंबरात, हरभरा-गव्हाचं पाणी सुरू झालं की झपाट्याने उतरते. दोन संस्थांच्या आकड्यांतला फरक मग तुम्ही दुष्काळ म्हणून वाचता, आणि तो असतो फक्त कॅलेंडरचा.

या आकड्यांवर काय अवलंबून असतं तेही बघा. पावसाळा संपतानाची पातळी मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडतात, पावसाची तूट धरतात आणि त्यावरून उन्हाळ्यात कुठल्या गावांना टंचाई जाणवेल याचा अंदाज बांधतात. टँकरचं नियोजन त्यावर होतं. जलयुक्त शिवार अभियानावर ९,६०० कोटींहून जास्त खर्च झाला. भूजल पातळी वाढवण्यात त्याचा फारसा परिणाम झाला नाही, असं कॅगने २०२० मध्ये म्हटलं. त्यावर वाद झाला. त्या वादाची एक बाजू घेण्याआधी मी तुम्हाला एक हिशेब करायला लावणार आहे.

समजा, विहिरीची पातळी कठड्याच्या वरच्या कडेपासून मोजली जाते. शेतकऱ्याने विहीर नीट करताना कठडा अर्धा मीटर उंच बांधला. मोजणाऱ्याने पुढच्या वर्षी पुन्हा कडेपासूनच टेप सोडली. पाणी आहे तिथेच आहे, पण तक्त्यात ते अर्धा मीटर खाली गेलं. आता बेसॉल्टच्या कुजक्या थराची विशिष्ट उत्पादकता, म्हणजे खडकातून प्रत्यक्ष निथळून मिळणाऱ्या पाण्याचं प्रमाण, साधारण २ टक्के धरा. अर्धा मीटर पातळी म्हणजे १० मिलिमीटर पाणी. ती विहीर १०० हेक्टरांचं प्रतिनिधित्व करते असं मानलं, तर १०,००० घनमीटर, म्हणजे एक कोटी लिटर. दहा हजार लिटरचे एक हजार टँकर कागदावर गायब झाले, गवंड्याच्या एका दिवसाच्या कामाने.

याच हिशेबाची दुसरी बाजू अशी, की "पातळी एक मीटरने वाढली" ही बातमी ऐकायला मोठी वाटते, पण २ टक्क्यांच्या खडकात ते फक्त २० मिलिमीटर पाणी आहे. जिल्ह्यात वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तुलना तुम्हीच करा.

तलावाभोवती काम करताना आणखी एक अडचण येते, आणि ती मला दुसऱ्या वर्षी कळली. जमिनीपासूनची खोली दोन विहिरींत तुलना करण्याजोगी नसतेच. वरच्या अंगाची विहीर उंचावर, खालची नाल्याजवळ. पाणी कुठून कुठे चाललंय हे बघायचं तर दोन्ही विहिरींच्या मोजणीबिंदूंची समुद्रसपाटीपासूनची उंची हवी, आणि तलावातल्या पाण्याची उंचीही त्याच मापात हवी. तेव्हाच कळतं की तलाव विहिरीला पाणी देतोय की, पावसाळ्यात कधीकधी होतं तसं, भोवतालचं भूजलच तलावात येतंय. मोबाईलच्या जीपीएसने उंची घेऊ नका, त्याची चूक काही मीटरांत असते आणि तुम्ही शोधताय तो उतार तेवढाही नसतो. लेव्हल यंत्र लावून एक पूर्ण दिवस घालवा.

शिवाय तलावापासून लांब, त्याच खडकातल्या, त्याच पावसातल्या दोन-तीन विहिरी मोजा. नाहीतर चांगल्या पावसाचं श्रेय तलावाला जातं. तळात काळ्या मातीचा गाळ साचला की पाझर मंदावतो, म्हणून गाळ कधी काढला तेही विचारा. २०१७ नंतर गाळमुक्त धरण योजनेत बऱ्याच तलावांत जेसीबी उतरले. त्या आधीची आणि नंतरची नोंद एकाच रेषेत जोडणं बरोबर नाही.

मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. पाझर तलाव चालला, विहिरींना पाणी वाढलं की शेतकरी काय करतो? जो आधी फक्त तूर-कापूस घ्यायचा तो गहू, हरभरा घेतो, कुणी संत्रा लावतो, शेजारी नवी विहीर खणतो, नाहीतर बोअर मारतो. उपसा वाढतो. मे महिन्याची पातळी तिथेच राहते किंवा खाली जाते. तक्त्यात तलाव नापास. गावात विचारा, तर तलावाने संसार सावरला म्हणतील. दोघंही खोटं बोलत नाहीत. म्हणून कॅगच्या अहवालावर हो किंवा नाही म्हणण्याआधी मला त्या गावांतला उपसा किती वाढला ते हवं असतं, आणि तो विहिरीच्या पातळीत दिसत नाही. त्यासाठी पेऱ्याची नोंद असलेले तलाठ्याकडचे सातबारे, मोटरींची संख्या आणि विजेच्या वेळा असं सगळं गोळा करावं लागतं. माझं निम्मं तिसरं वर्ष त्यातच गेलं.

सध्या माझ्या प्रत्येक विहिरीच्या कठड्यावर, आतल्या बाजूला, लाल ऑइलपेंटचा एक बाण आहे. टेप तिथूनच सुटते. बाणापासून जमिनीपर्यंतचं अंतर दर फेरीला पुन्हा मोजते, कठडा बदलला असेल तर त्यातच कळतं. मागच्या मेमध्ये गेले तर एका विहिरीवरचा बाण नव्हताच. नव्या सिमेंटखाली गेला होता. आजी म्हणाली, "पोराचं लग्न होतं, रंगरंगोटी केली." मी जमिनीतल्या खुणेच्या दगडावरून उंची पुन्हा काढली, नवा बाण रंगवला आणि वहीत तारखेसह लिहिलं : कठडा २२ सेंटिमीटर उंच, कारण लग्न.