मेसियेची यादी आणि शहराचे आकाश

शार्ल मेसिये (१७३०–१८१७) याचे नाव ज्या यादीमुळे टिकून आहे, ती त्याने नको असलेल्या वस्तूंची केली होती. त्याला ओढ धूमकेतूंची. १७५८ साली एका धूमकेतूचा मागोवा घेताना वृषभ राशीत त्याला एक धुरकट ठिपका दिसला. पुढे तो जागचा हलेना, तेव्हा हा धूमकेतू नव्हे हे ध्यानी आले. अशा फसव्या ठिपक्यांत पुन्हा वेळ जाऊ नये म्हणून तो त्यांची नोंद ठेवू लागला. १७७४ साली छापलेल्या पहिल्या यादीत ४५ नोंदी होत्या, शेवटची कृत्तिकांची. (कृत्तिकांना धूमकेतू कोण समजेल? आकडा भरावा म्हणून त्या आल्या असाव्यात, असा आमचा तर्क.) १७८१ पर्यंत नोंदी १०३ झाल्या.

येथे लक्षात घ्यावयाचे ते हे, की मेसियेची वेधशाळा पॅरिसच्या भरवस्तीत, ओतेल द क्ल्युनी या वास्तूच्या मनोऱ्यावर होती आणि त्याच्या दुर्बिणी लहान होत्या. पॅरिसचे रस्ते गॅसच्या दिव्यांनी उजळले ते त्याच्या मृत्यूनंतर. अंधार शोधायला त्याला गावाबाहेर जावे लागले नाही.

पुढे हौशी निरीक्षकांनी या यादीचा हेतूच उलटा केला. जे टाळायचे तेच पाहायचे ठरले. मूळ कर्त्याच्या मनात नसलेला अर्थ वाचकांनी रूढ करावा, हे साहित्याच्या अभ्यासकांना नवे नाही. परंतु आता यादीची निवड वाचकही करीत नाही, रस्त्यावरचे दिवे करतात. आमच्या गच्चीवरून मृगातला तेजोमेघ दिसतो, अभिजितजवळचे इवलेसे कंकण दिसते. कारण त्यांचे तेज थोड्या जागेत एकवटलेले आहे. त्रिकोण तारकासमूहातली दीर्घिका, यादीतली ३३वी, पूर्णचंद्राच्या बिंबाहून मोठ्या क्षेत्रावर पसरलेली आहे. ती उजळलेल्या आकाशात विरघळून जाते. मोठी दुर्बीण आणून उपयोग नाही, दुर्बिणीत आकाशाचा उजेडही त्याच प्रमाणात येतो.

उपाय आहेत, पण तोकडे. सोडियमच्या दिव्यांचा प्रकाश ठरावीक रंगांचा असल्याने तो गाळणीने अडवता येई व तेजोमेघ उठून दिसत. पांढऱ्या एलईडीचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला. गाळणी तेथे फारशी चालत नाही. दीर्घिकांचा प्रकाश तर ताऱ्यांचाच, तोही सर्व रंगांचा. त्यांना गाळणीचा लाभ पूर्वीही नव्हता. मग उरते ते डोक्यावरून काळे कापड घेणे, मध्यरात्र उलटू देणे, पावसाने हवा धुतलेली रात्र साधणे आणि वस्तू माथ्यावर येईपर्यंत थांबणे.

३३वी दीर्घिका कार्तिकात जवळजवळ माथ्यावरून जाते. मेसियेने ती १७६४च्या ऑगस्टमध्ये नोंदली. आमच्या वहीत त्या आकड्यापुढची जागा गेली चार वर्षे कोरी आहे.