पोहे

भात भिजवून, भाजून व चेपटा करून तयार केलेले खाद्य. तसेच त्यापासून केलेला न्याहारीचा पदार्थ. हा पुल्लिंगी शब्द असून मराठीत जवळजवळ नेहमी अनेकवचनी वापरतात. 'पोहा' हे एकवचन क्वचित, बहुधा एखाद्या दाण्यापुरतेच येते.

व्युत्पत्ती : संस्कृत 'पृथुक' (पृथु = रुंद, पसरट) यापासून प्राकृताच्या वाटेने. कोकणी 'फोव' व गुजराती 'पौंआ' ही जवळची रूपे. कन्नड 'अवलक्की' व तमिळ 'अवल' हे शब्द मात्र वेगळ्या मुळाचे. भागवताच्या दशम स्कंधात सुदामा कृष्णाकडे नेतो ते चार मुठी पृथुकच (→ सुदामा). श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांच्या विनोदी लेखसंग्रहाचे 'सुदाम्याचे पोहे' हे नाव याच कथेवरून आले.

प्रकार व वापर : जाड पोहे भिजवून फोडणीस घालतात, पातळ पोहे चिवड्यास (→ चिवडा) व दडप्या पोह्यांस लागतात. कोकणात नारळाच्या रसातले कोळाचे पोहे, नागपुरात तर्री-पोहे रूढ आहेत. गोव्यात नरकचतुर्दशीला फोवांचे अनेक प्रकार करतात (→ दिवाळी).

लक्षणार्थ : मुलगी पाहण्याच्या कार्यक्रमात हा पदार्थ देण्याच्या प्रथेमुळे 'कांदेपोहे' म्हणजे तो कार्यक्रमच, पानात उपमा असला, तरी शब्द बदलत नाही.