‘पॅराबेन-मुक्त’ : एका शब्दाचा इतिहास

१/ दिवाळीचे उटणे डब्यात महिनोन्‌महिने टिकते, कारण ते कोरडे असते. भिजवायचे ते ऐन अभ्यंगाच्या वेळी. क्रीममध्ये मात्र पाणी आधीपासूनच असते, आणि पाणी आले की बुरशी व जिवाणूही आले. म्हणून त्यात परिरक्षक, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्ह, घालणे भाग पडते. बाटल्यांवर मिरवणाऱ्या ‘पॅराबेन-मुक्त’ या शब्दामागे अशाच एका परिरक्षकाच्या हद्दपारीची कथा आहे.

२/ पॅराबेन १९२० च्या दशकात वापरात आली. स्वस्त, गंधहीन, अल्प मात्रेत पुरणारी. पुढची कित्येक दशके सौंदर्यप्रसाधनांत त्यांचेच राज्य होते.

३/ २००४ मध्ये इंग्लंडच्या रेडिंग विद्यापीठातील फिलिपा डार्ब्रे व सहकाऱ्यांनी स्तनाच्या २० गाठींच्या नमुन्यांत पॅराबेन आढळल्याचे प्रसिद्ध केले. पॅराबेनचा इस्ट्रोजेनसारखा क्षीण परिणाम प्रयोगशाळेत आधीच दिसला होता, तेव्हा शंका अगदीच निराधार नव्हती. परंतु या अभ्यासात निरोगी ऊतींशी तुलना नव्हती, आणि पॅराबेनमुळे कर्करोग होतो असे त्यातून सिद्धही होत नव्हते. बातम्यांत हा फरक कोण जपतो? ग्राहक बिथरले, कंपन्या पर्याय शोधू लागल्या.

४/ त्यांतला एक पर्याय मेथिलआयसोथायाझोलिनोन. (उच्चारणाराची जीभ अडखळावी असे नाव, पुढे ‘एमआय’ म्हणू.) १९८० च्या दशकापासून तो आपल्या क्लोरीनयुक्त भावंडासोबत मिश्रणात वापरला जाई. त्या मिश्रणाची मर्यादा दहा लाखांत १५ भाग, आणि त्यात एमआयचा वाटा जेमतेम चौथा. भावंड अधिक त्रासदायक ठरल्यामुळे २००५ मध्ये युरोपने एकट्या एमआयला परवानगी दिली, ती १०० भागांपर्यंत. चारापेक्षा कमी असलेली मात्रा एकदम शंभरावर गेली!

५/ परिणाम त्वचारोगतज्ज्ञांच्या दवाखान्यांत दिसू लागला. ओल्या वाइप्सनी पुसलेल्या तान्ह्या मुलांच्या तोंडाभोवती व बुडावर पुरळ, पुसणाऱ्या आईबापांच्या हातांना इसब. अशी अ‍ॅलर्जी एकदा जडली की बहुधा जन्मभर सोबत करते. शिवाय एमआय भिंतींच्या रंगांतही असतो. त्यामुळे नुकत्याच रंगवलेल्या खोलीत नुसते बसणेही काहींना सोसवेना. २०१३ मध्ये अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने एमआयला ‘वर्षातील अ‍ॅलर्जीकारक’ ठरवले.

६/ युरोपचा कायदा मागाहून आला. अंगावर लावून ठेवायच्या प्रसाधनांत एमआयवर २०१७ पासून बंदी आली. धुऊन टाकायच्या प्रसाधनांत मर्यादा १५ भागांवर आणली गेली. पॅराबेनच्या बाबतीत मात्र युरोपने २०१४ मध्येच निवड केली होती: पाच प्रकारांवर बंदी, प्रोपिल व ब्युटिलची मर्यादा कमी, मेथिल व एथिल कायम.

७/ ‘नैसर्गिक’ पर्यायांचे काय? १९९९ मध्ये जर्मन संशोधकांनी ग्रेपफ्रूटच्या बियांचे सहा व्यापारी अर्क तपासले. पाचांत बेन्झेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक निघाले. ज्या एकात कोणतेही परिरक्षक सापडले नाही, त्याला जंतूंनी जुमानलेच नाही.

८/ २०१९ मध्ये त्याच अमेरिकन संस्थेने पॅराबेनना ‘वर्षातील अ‍ॅलर्जी न करणारे’ असे नाव दिले. त्याच वर्षीच्या जुलैपासून लागू झालेल्या युरोपीय मार्गदर्शनानुसार ‘पॅराबेन-मुक्त’ असा दावा करणेच अनुचित ठरते, कारण त्याने कायद्याला मान्य असलेल्या घटकांची बदनामी होते. आपल्याकडच्या दुकानांत तो शब्द आजही सर्रास दिसतो.