पगाराच्या स्लिपमधली पीटी

नातवाला पुण्यात पहिली नोकरी लागली. पहिल्या पगाराची स्लिप त्याने मला मोबाइलवर पाठवली आणि मागोमाग फोन केला. "आजोबा, पीएफ कळला, टीडीएस कळला. हे पीटी दोनशे रुपये काय असतं?"

जन्म मास्तरकीत गेला, त्यामुळे पीटी म्हटलं की मला शिट्टी आणि मैदानच आठवतं! पण ही पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, आपला व्यवसाय कर. माझ्याही पगारातून निवृत्त होईपर्यंत कापला जायचा. पगाराच्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यावर कुरकूर ठरलेली. "आपला कसला हो व्यवसाय, खडू झिजवायचा?" असं आमचे एक सर दर महिन्याला म्हणत आणि आम्ही दर महिन्याला हसत असू. मी मात्र जरा बेतानेच हसायचो. त्याचं कारण १९७३ च्या उन्हाळ्यात आहे.

बी.ए. होऊन घरी बसलो होतो. १९७२ चा दुष्काळ पडलेला. आमचं कोल्हार प्रवरेकाठचं, कालव्याचं, म्हणून थोडं तरी सावरलेलं. पाथर्डीकडे मात्र पार होरपळ. तिथे दुष्काळी कामावर हजेरी लिहायला मी काही महिने गेलो. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, रेशनवर मिलो आणि वाटपाची सुकडी खायची. त्या उन्हाळ्यात राज्यभर अशा कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. एक दिवस वीस एकरांचा धनी रांगेत उभा राहिला. तोंडावर उपरणं घेतलेलं. नाव इतकं हळू सांगितलं की मला दोनदा विचारावं लागलं. हजेरीपटावर अंगठा उठवताना त्याने मान वर केली नाही.

त्याच सुमारास राज्यात रोजगार हमी योजना आकार घेत होती. कल्पना वि. स. पागे यांची, ते तेव्हा विधान परिषदेचे सभापती होते. प्रश्न पैशाचा होता. म्हणून १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी, सगळ्यांवर. पगारदाराचा कर मालकाने नोंदणी करून कापायचा, स्वतंत्र धंदेवाल्याने स्वतः नावनोंदणी करून भरायचा. बागायत जमिनीवरही उपकर बसला, म्हणजे आमच्या उसानेही वाटा उचलला. आणि जेवढं जमेल तेवढेच सरकारने आपल्याकडून घालायचे. १९७७ साली विधिमंडळाने कायदा केला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. त्यातली मोठी गोष्ट अशी, की काम ही मेहेरबानी राहिली नाही, हक्क झाला. नाव नोंदवून काम मागायचं, पंधरा दिवसांत मिळालं नाही तर बेकार भत्ता. कागदावरचं सगळं गावोगाव तसंच घडलं असं नाही म्हणणार. पण मान खाली घालून नाव सांगणं आणि अर्ज करून काम मागणं, यात फरक आहे ना?

२००५ साली केंद्राने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

नातवाला एवढं सगळं फोनवर सांगितलं. त्याने निमूट ऐकलं. मग हिशेबाचंही सांगितलं. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, कारण या कराला राज्यघटनेनेच वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातली आहे. १९८८ पूर्वी ती २५० होती. २०१७ साली कितीतरी कर जीएसटीत विरले, हा मात्र राहिला.

"मग तुम्ही अजून भरता?" त्याने विचारलं.

नाही रे बाबा. पासष्टीनंतर माफ असतो. आता तुझी पाळी. पगाराच्या दिवशी कुरकूर खुशाल कर, पण त्या उपरणेवाल्याला जरा आठवून.