खापरपणजीचे नाव काय?

पितृपंधरवडा सरतो आणि मग दिवाळी येते. आधी गेलेल्यांना पाणी, मागून असलेल्यांना फराळ, असा आपल्या वर्षाचा क्रम आहे. ज्या घरांत महालयाचे श्राद्ध होते तेथे कर्ता पुरुष बाप, आजा, पणजा अशी तीन नावे घेतो. त्यामागून आई, आजी, पणजी. आणि मग आईच्या माहेरची माणसे. दाराशी उभ्या असलेल्या मुलांचे लक्ष खिरीकडे असते, पण नावे कानांवर पडतातच. घराण्याच्या इतिहासाचा मुलांना मिळणारा पहिला पाठ तो हाच. मात्र हा पाठ तिसऱ्या पिढीशी थांबतो. घरातले वडीलधारे माणूस गेले की त्याचे नाव यादीत येते आणि सर्वांत वरचे नाव गळते. पणज्याचा खापरपणजा होतो, आणि पुढे त्याचे नाव सांगणारेही कोणी उरत नाही.

मी पडलो शाळामास्तर, तेव्हा पाटीवरचा हिशेब मांडून पाहू. मुलाचे आईबाप दोन. दोन्हीकडचे आजीआजोबा मिळून चार. पणजोबा-पणज्या आठ. खापरपणजोबा आणि खापरपणज्या मिळून सोळा. म्हणजे तुमच्या-आमच्या घरातले जे पोर आता लाडूसाठी हट्ट धरून बसले आहे, त्याच्या अंगात चौथ्या पिढीच्या सोळा माणसांचे रक्त आहे. घरात वंशावळीचा कागद असला तर त्यात या सोळांपैकी किती जण सापडतात? एक! बापाच्या बापाच्या बापाचा बाप, एवढाच. उरलेले पंधरा कागदाबाहेर; आणि सोळांतल्या ज्या आठ बाया, त्यांतली तर एकही आत नाही.

असे का झाले, हे समजायला वंशावळीचाच इतिहास पाहिला पाहिजे. आपल्याकडे वंशावळ पुष्कळदा भांडणासाठी लिहिली गेली. पाटीलकी, कुळकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेची. वडीलपणाचा मान कोणाचा, शेताचा वाटा कोणाचा, यावरून भाऊबंद एकमेकांच्या उरावर बसत. मग गोतसभा भरे, साक्षी होत, महजर लिहिला जाई. वादी आपला करीना मांडी आणि मूळपुरुषापासून आपल्यापर्यंतची पिढी सांगे. पुढे इंग्रजी अमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन नेमले गेले आणि इनामदारांना आपले हक्क शाबीत करावे लागले. तेव्हा पुन्हा माळ्यावरची दप्तरे सोडून पिढ्या मोजल्या गेल्या. वतन बापाकडून मुलाकडे जायचे, म्हणून कागदावर बाप आणि मुलगा एवढेच चढत. बाई आलीच तर बहुधा विधवा म्हणून किंवा दत्तक घेणारी म्हणून येई. लेक परक्या घरची. तिची फांदी काढायची कशाला? ज्याला वाटा नाही त्याला ओळ नाही, असा तो रोखठोक न्याय होता.

हे कागद भांडणातून निघाले म्हणून टाकाऊ मात्र नव्हेत. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरांतली दप्तरे धुंडाळली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. पुढे १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. ओल, वाळवी आणि रद्दीवाला या तीन शत्रूंच्या तावडीतून जे वाचले त्यावर मराठ्यांच्या इतिहासाची इमारत चढली. राष्ट्राच्या इतिहासाला घरच्या माळ्यावरून सुरुवात होते, ही शिकवण मुलांना देण्यासारखी आहे.

थोरामोठ्यांनी तर आपली वंशावळ दगडावर कोरली. तंजावरचे दुसरे सरफोजीराजे यांनी १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा सारा इतिहास मराठीत खोदवला. तमिळ मुलखातल्या त्या भिंतीवरची देवनागरी अक्षरे पाहताना आपल्या माणसाचे पाऊल क्षणभर थबकते.

पण ज्यांना ना भिंत, ना वतन, त्यांचे काय? त्यांच्यासाठीही लोकांनी सोय करून ठेवली होती. त्र्यंबकेश्वर-नाशिकचे तीर्थोपाध्ये नामावळीच्या वह्या बाळगून असतात. यात्रेकरूने गाव आणि आडनाव सांगितले की वही उघडते, आणि आजोबांनी त्या काळी स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ समोर येते. दक्षिण महाराष्ट्रात आणि पलीकडे कर्नाटकात हेळवी येतात. सुगी झाली की दारात उभे राहून ते कुणब्याच्या घराच्या पिढ्या म्हणून दाखवतात, नवे जन्मलेले नाव आपल्या वहीत घालतात आणि धान्य घेऊन पुढच्या गावाला जातात.

आणि जे यांच्याही नजरेआड होते, पोटासाठी गाव सोडून गेले, त्यांची एक गोष्ट सांगतो. १८३४ पासून पुढे कित्येक वर्षे हिंदुस्थानातून करारावर मजूर मॉरिशसला उसाच्या मळ्यांत नेले गेले. त्यांत कोकणपट्टीतली मराठी माणसेही होती. सरकारी कारकुनाने बोटीतून उतरलेल्या प्रत्येकाला नंबर दिला आणि नाव, बापाचे नाव, गाव अशी नोंद केली. त्यात प्रेम नव्हते, मजुरांची मोजदाद होती. पण बाया मळ्यावर नेल्या गेल्या म्हणून त्यांच्याही नावाची ओळ झाली. ते दप्तर आज मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये आहे, आणि तिथली नातवंडे-पणतवंडे तेथे जाऊन आपल्या पूर्वजाचे गाव हुडकतात. इनामदाराच्या वंशावळीत त्याच्या बायकोचे नाव मिळू नये आणि मळ्यावर राबणाऱ्या मजुरणीचे मिळावे, हा इतिहासाचा मोठा विलक्षण न्याय आहे!

शाळेत मी पाहतो, मुलांना वंशावळ काढायला सांगितली की प्रत्येकाला आपला मूळपुरुष तरवार घेतलेला हवा असतो. डोक्यावर भारा वाहणारा पूर्वज कोणालाच नको. ज्याच्या घरी कागद नाही ते पोर मान खाली घालते. हे जर शिकवायचे असेल तर घराण्याचा इतिहास न शिकवलेला बरा. कुळाचा ताठा आणि जातीचा गर्व वाढवायला ही विद्या नाही. ती पाटीवरची सोळा घरे मुलापुढे मांडली की ताठा आपोआप उतरतो, कारण त्या सोळांत कोणी गरीब, कोणी कर्जबाजारी, कोणी लवकर गेलेली बाळंतीण असणारच. आणि त्यांतले एक जरी नसते तरी आपण नसतो.

आता त्या आठ बायांकडे वळू. त्यांचा शोध अवघड खरा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले गेले की माहेरचे नाव मागे राही. श्राद्धातही उच्चार होई तो सासरच्या नावाचा. उखाण्यातून तिने जन्मभर नाव घेतले ते नवऱ्याचे. तिचे नाव कोणी घ्यायचे? जिजाबाई सिंदखेडच्या जाधवांची लेक हे चौथीतले पोरही सांगते. स्वतःच्या पणजीचे माहेर विचारले तर त्याच्या बापालाही सांगता येत नाही.

तरी तिचा एक दस्तऐवज तुमच्या घरात असण्याचा संभव आहे, आणि तो दिवाळीतच बाहेर निघतो. अभ्यंगस्नानाला काढलेले घंगाळ, फराळाची परात, पितळी डबा उलटा करून पाहा. काठाशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेले असते: कोणाच्या लग्नात, कोणाकडून, कधी सालासकट. वतनाच्या कागदाने जिला जागा दिली नाही तिला तांबटाच्या छिन्नीने दिली. मुलांना चिंच लावून ती भांडी घासू द्या आणि अक्षरे वाचू द्या. पण आता घाई केली पाहिजे. जुनी भांडी मोडीत निघाली, आणि नाव वाचून ‘ही कोण?’ याचे उत्तर देणाऱ्या म्हाताऱ्याही थकल्या.

कायदा मात्र बदलला आहे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत लेकीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला; आणि १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलाच्या नावापुढे महाराष्ट्राच्या सरकारी कागदांत आधी आईचे आणि मग बापाचे नाव लागते. पुढल्या पिढीच्या आया हरवणार नाहीत. मागल्या मात्र आपल्यालाच शोधल्या पाहिजेत.

तेव्हा यंदा सुटीत मुलाच्या हाती एक दोनशे पानी वही द्या. मूळपुरुषापासून खाली न येता त्याला स्वतःपासून वर जाऊ द्या. एकदा बापाच्या बाजूने, एकदा आईच्या. प्रत्येक बाईच्या नावापुढे माहेरचे नाव आणि माहेरचे गाव लिहायला सांगा. कोणी सांगितले आणि कोणत्या दिवशी, हेही लिहावे. काकांनी एक सांगितले आणि आजीने दुसरे, तर दोन्ही लिहावे. निवाडा करायची घाई नको. जे कळले नाही तेथे रिकामी चौकट ठेवावी, ठोकून काही देऊ नये. घरात लहानपणी गेलेली भावंडे, न लग्न झालेली आत्या, घर सोडून गेलेला काका, यांनाही एकेक चौकट द्यावी. जुन्या छायाचित्रामागे हलक्या हाताने, शिसपेन्सिलीने नावे घालावीत.

मग येईल भाऊबीज. वंशावळीने जिची फांदी कधी काढली नाही ती आत्या त्या दिवशी घरी येते. घरातल्या कित्येक गोष्टी तिला आणि तिलाच ठाऊक असतात, कारण आजीच्या कुशीत निजून ऐकणारी तीच होती. ओवाळणे झाले, फराळ झाला, की वही घेऊन पोराला तिच्या पुढ्यात बसवा. पहिला प्रश्न मी सांगून ठेवतो: ‘आत्या, तुझ्या आजीचे माहेरचे नाव काय होते ग?’