कागदी पोते आणि पेटलेले बंदर : टेक्सास सिटी, १९४७

१/१४
कोणता माल कोणत्या पोत्यात भरावा, हा प्रश्न एरवी गोदामाच्या उंबरठ्याबाहेर जात नाही. १९५३ साली मात्र तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. त्यामागे एक उद्ध्वस्त बंदर आणि किमान ५८१ मृत्यू होते. त्या पोत्याचा हा इतिहास.

२/१४
दुसऱ्या महायुद्धात अमोनियम नायट्रेटचा मुख्य उपयोग दारूगोळ्यासाठी होत असे. युद्ध संपले आणि युरोप व आशियातील पराभूत वा उद्ध्वस्त प्रदेशांपुढे भुकेचा प्रश्न उभा राहिला. तेव्हा अमेरिकी सरकारने आपले दारूगोळ्याचे कारखाने खतनिर्मितीकडे वळवले. पदार्थ तोच राहिला, त्याचे नाव आणि वेष्टन तेवढे बदलले.

३/१४
या क्षाराची पहिली खोड म्हणजे तो हवेतील ओल झपाट्याने ओढून घेतो आणि त्याची दगडासारखी ढेप बनते. असे खत शेतात टाकता येत नाही. म्हणून दाण्यांवर मेण, राळ आणि पेट्रोलेटम यांचा पातळ थर चढवण्यात आला आणि दाणे एकमेकांना चिकटू नयेत यासाठी त्यात चिनी माती मिसळण्यात आली.

४/१४
मग पोते कोणते घ्यायचे? तागाचे पोते हवेशीर असते. गहू-ज्वारीच्या दृष्टीने हा त्याचा गुण, कारण धान्याला हवा लागते. ओल ओढणाऱ्या क्षाराच्या दृष्टीने तोच अवगुण ठरतो. येथे निवड झाली ती बहुपदरी कागदी पोत्याची. एका पोत्यात १०० पौंड, म्हणजे सुमारे ४५ किलो माल भरला जाई.

५/१४
पोती भरताना खताचे तापमान सुमारे २०० अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ९३ अंश सेल्सियस इतके असू शकत असे. माल आधी थंड करायचा तर उत्पादन मंदावणार आणि खर्च वाढणार होता. त्यामुळे तो गरम असतानाच पोत्यांत भरला गेला. पोत्यांच्या दाट थप्पीत आतली उष्णता सहजी बाहेर पडत नाही. गोदी कामगारांनी नंतर सांगितले, की पोती हाताला गरम लागत होती.

६/१४
हे सर्व निर्णय एकत्र ठेवून पाहिले की त्यांतील धागा दिसतो. ओल अडवायची म्हणून मेणाचा थर आणि तिच्यासाठीच कागदाचे पदर, तर पुरवठा थांबू नये म्हणून गरम भरणी. प्रत्येक निर्णयाला स्वतःचे सबळ कारण होते. पण मेण जळते, कागद जळतो आणि अमोनियम नायट्रेट ज्वलनासाठी लागणारा प्राणवायू स्वतःजवळच बाळगते. ओलीविरुद्ध केलेला बंदोबस्त आगीच्या पथ्यावर पडला.

७/१४
पोत्यावरचा मजकूरही महत्त्वाचा होता. तो वाचणाऱ्याला खत आणि अमोनियम नायट्रेट एवढेच कळत असे. धोक्याची सूचना त्यावर नव्हती. नेब्रास्का आणि आयोवा येथून रेल्वेने आलेली ही पोती टेक्सास सिटीच्या धक्क्यावर ‘ग्रँडकँप’ या फ्रेंच जहाजात चढवली जात होती. चढवणाऱ्यांच्या लेखी तो शेतीचा साधा माल होता.

८/१४
१६ एप्रिल १९४७. सकाळी आठच्या सुमारास जहाजाच्या पोटातील चार क्रमांकाच्या कप्प्यातून धूर येऊ लागला. पाणी मारल्यास माल नासेल, म्हणून कप्प्याची झाकणे बंद करून आत वाफ सोडण्यात आली. हवा तोडून आग विझवण्याची ही रूढ पद्धत होती. पण ज्या पदार्थाचा प्राणवायू त्याच्याच घडणीत आहे त्याला बाहेरच्या हवेची गरज नसते. वाफेने कप्प्यातील उष्णता तेवढी वाढवली.

९/१४
सकाळी ९ वाजून १२ मिनिटांनी सुमारे २,३०० टन खताचा स्फोट झाला. शहराच्या स्वयंसेवी अग्निशमन दलातील २८ पैकी २७ जण ठार झाले. त्याच रात्री, १७ तारखेच्या पहाटेपूर्वी, ‘हाय फ्लायर’ या दुसऱ्या जहाजातील अमोनियम नायट्रेटचाही स्फोट झाला. आगीचे नेमके कारण निर्विवाद ठरले नाही. एका बाजूने सिगारेटकडे बोट दाखवले गेले, तर दुसरीने गरम पोत्यांकडे.

१०/१४
मराठी वाचकाला येथे मुंबई आठवेल. त्याआधी तीनच वर्षांपूर्वी, १४ एप्रिल १९४४ रोजी, व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला होता. त्या जहाजात स्फोटके आणि कापसाच्या गाठी एकत्र भरलेल्या होत्या. दोन्ही घटनांतील फरक बोधप्रद आहे. मुंबईत ज्वालाग्राही माल स्फोटकांच्या शेजारी होता. टेक्सास सिटीत ज्वालाग्राही वस्तू हे त्या पदार्थाचे वेष्टनच होते.

११/१४
सरकारविरुद्ध सुमारे ३०० दावे दाखल झाले. त्यांतील एकूण मागणी २० कोटी डॉलरची होती. नमुना खटला एलिझाबेथ डेलहाइट यांचा. त्यांचे पती हेन्री या दुर्घटनेत मरण पावले होते. प्रथम न्यायालयाने सरकारला निष्काळजी ठरवले. कागदी पोती, गरम भरणी आणि अपुरी सूचना हे सर्व मुद्दे त्या निष्कर्षात होते.

१२/१४
८ जून १९५३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ मतांनी सरकारच्या बाजूने कौल दिला. किती तापमानाला पोती भरायची, हा उच्च पातळीवरील नियोजनाचा भाग आहे आणि अशा धोरणात्मक निर्णयांसाठी सरकारवर दावा चालत नाही, अशी बहुमताची भूमिका होती. न्या. रॉबर्ट जॅक्सन यांनी विरोधी मत नोंदवले. धोका किती हे शोधण्यासाठी संशोधन लागत असेल, तर तो प्रयोग जनतेवर करून पाहता येणार नाही, असा त्यांचा आशय होता. अखेर १९५५ मध्ये अमेरिकी काँग्रेसने स्वतंत्र कायदा करून पीडितांना भरपाई दिली.

१३/१४
पुढे कागदी पोत्याची जागा मोठ्या प्रमाणावर विणलेल्या पॉलिप्रॉपिलीनने घेतली आणि एक टन माल मावणारी जम्बो बॅग आली. बैरुत बंदरात २०१४ पासून पडून असलेले २,७५० टन अमोनियम नायट्रेट अशाच पिशव्यांत होते. तपासणीत त्यांतील अनेक पिशव्या फाटलेल्या आढळल्या होत्या. ४ ऑगस्ट २०२० च्या स्फोटात २०० हून अधिक माणसे मेली. पिशवी बदलली होती, तरी वर्षानुवर्षांची बेपर्वाई झाकण्याची ताकद कोणत्याच पिशवीत नसते. भारतात या क्षाराच्या साठवणीसाठी व वाहतुकीसाठी २०१२ पासून स्वतंत्र नियम आहेत.

१४/१४
आज जम्बो बॅग निवडताना बरेच प्रश्न विचारले जातात. माल ओल धरतो का, म्हणजे आत पॉलिथिनचे अस्तर हवे का? भरताना तो किती गरम असेल? भुकटी ओतताना साचणाऱ्या स्थिर विजेची ठिणगी पडू शकते का? या एका प्रश्नासाठी पिशव्यांचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार ठरलेले आहेत. त्यांतील सी प्रकाराची पिशवी भरताना व रिकामी करताना जमिनीशी तारेने जोडावीच लागते. १९४७ च्या पोत्याने ओलीच्या प्रश्नाला चोख उत्तर दिले होते. उष्णतेचा आणि आगीचा प्रश्न त्याला कोणी विचारला नाही, आणि ते पोते खांद्यावर वाहणाऱ्या कामगाराला तर आत काय आहे हेही कोणी सांगितले नाही.